मिरजेच्या गल्लीत एक गिटार

बेळगावाहून मिरजेकडे जाणारी गाडी घटप्रभा नदी ओलांडून पुढे सरकली, की खिडकीबाहेरचा रंग पालटू लागतो. पाच्छापूर व गोकाक रोडकडील खडकाळ माळ मागे राहतो, रायबागच्या पुढे काळी माती दिसू लागते, आणि कुडची स्थानकानंतर कृष्णेच्या पुलावर गाडीचा आवाज एकदम पोकळ होतो. उगारला साखर कारखाना, मागेपुढे उसाचे मळे, फाटकाशी खोळंबलेल्या बैलगाड्या आणि ट्रॅक्टर. शेडबाळ सोडल्यावर केव्हातरी कर्नाटक संपून महाराष्ट्र लागतो. परंतु डब्यातले संभाषण जसे आधी चालले होते तसेच, अर्धे कानडीत आणि अर्धे मराठीत, चालू राहते. सीमेचा वाद ज्यांनी केवळ नकाशावर पाहिला आहे त्यांनी हा प्रवास एकदा साध्या डब्यातून करावा, असे आम्हांस नेहमी वाटते. लोंढ्याकडचा लोहमार्ग रुंद होण्यापूर्वी मिरजेस उतरून गाडी बदलावी लागे. त्या काळच्या फलाटावरील चहाची आठवण काढणारी वृद्ध मंडळी अजूनही आमच्या धर्मग्रामात आहेत.

या खेपेस आमच्याबरोबर आमच्या शेजारची एक मुलगी होती आणि तिच्या मांडीवर, काळ्या कापडी गवसणीत, एक गिटार होती. गिटार तिच्या वडिलांची. हे गृहस्थ आमच्या देवळातील गायकवृंदाचे मास्तर. तीन वर्षांपूर्वी ते देवाघरी गेले. गिटार हे वाद्य आमच्याकडील देवळांत तसे फार जुने नव्हे. दुसरी व्हॅटिकन परिषद (१९६२-६५) झाली, उपासना लोकांच्या भाषेत होऊ लागली, आणि ऑर्गन, हार्मोनियम व व्हायोलिन यांच्या शेजारी तरुण मंडळींनी हळूच गिटार आणून उभी केली. कित्येक वडीलधाऱ्यांनी तेव्हा नाके मुरडली. मास्तरांनी मात्र तिच्यावर मिस्सेची गीते अशा संयमाने वाजविली, की नाके मुरडणारेच पुढे आपल्या नातवंडांना शिकवणीसाठी त्यांच्याकडे पाठवू लागले. आता त्यांच्या जागी मुलगी वाजविते. पण वर्षभरापासून गिटार कुरकुरत होती. पहिल्या तीन घरांत बोट ठेवले, की तारेबरोबर एखादी माशी डबीत कोंडल्यासारखी झणझण ऐकू येई. एका दुकानदाराने उपाय म्हणून खालची हाडाची पट्टी बदलून तारा उंच करून दिल्या. झणझण थोडी कमी झाली, पण तारा दाबताना मुलीची बोटे सोलून निघू लागली. हा इलाज म्हणजे दार चौकटीस घासते म्हणून दारच काढून ठेवण्यासारखा झाला.

मिरजेस न्यावे, असे आम्हीच सुचविले. मुलीने नवलाने विचारले, ‘‘काका, मिरजेत तर सतारी करतात ना?’’ होय, सतारी करतात, आणि म्हणूनच.

स्थानकावरून शहराच्या जुन्या भागात शिरले, की सतारमेकर गल्ली सापडण्यास फारसे विचारावे लागत नाही. ओट्यांवर वाळत टाकलेले प्रचंड भोपळे वाट दाखवितात. हे भोपळे खाण्याचे नव्हेत. ते सोलापूर जिल्ह्यात, पंढरपूर-मंगळवेढ्याच्या बाजूस, भीमेच्या काठच्या शेतांत खास वाद्यांसाठी पिकवितात. कडू असतात, म्हणून त्यांना कीड सहसा लागत नाही. दांडीसाठी तुणीचे लाकूड. एका घरात भोपळा भिजवून कापला जात होता, दुसऱ्यात दांडी पोकळ होत होती, तिसऱ्यात एक म्हातारे गृहस्थ सेल्युलॉइडच्या पांढऱ्या पट्टीवर वेलबुट्टी कोरीत बसले होते. गल्लीत लाखेचा आणि ओल्या लाकडाचा वास भरून राहिलेला असतो.

या धंद्याचा जन्म मोठा विलक्षण आहे. येथील कारागीर घराणी मूळची शिकलगारांची, म्हणजे तलवारी, भाले यांना धार व झिलई देणाऱ्यांची. इंग्रजी अंमल स्थिर झाला आणि शस्त्रांचे काम संपले. तेव्हा, एकोणिसाव्या शतकाच्या मध्याच्या सुमारास, फरीदसाहेब नावाच्या कारागिराने सतार-तंबोरे दुरुस्त करता करता ते स्वतःच घडविण्यास आरंभ केला. पटवर्धन संस्थानिकांना गाण्याची आवड, गवयांची ये-जा मोठी, त्यामुळे गिऱ्हाइकाची वाण पडली नाही. ज्या हातांनी पाते घासले तेच हात घोडी घासू लागले. आम्ही बायबलचे वाचक. तलवारींचे नांगराचे फाळ होतील हे यशयाचे वचन आम्हांस ठाऊक आहे. तलवारींचे तंबोरे झाल्याचे मात्र मिरजेतच पाहिले. येथील सतारीस व तंबोऱ्यास २०२४ साली भौगोलिक मानांकन मिळाले. त्याने पोट भरते की नाही, हा प्रश्न आम्ही दोघातिघांना विचारला. उत्तरादाखल प्रत्येकाने हसून चहा मागविला.

ज्यांच्याकडे आम्ही गेलो ते साठीच्या घरातले, सडपातळ, चष्मा कपाळावर चढविलेले उस्ताद. घराणे सतारीचे, पण गेल्या वीस-पंचवीस वर्षांत शाळा-कॉलेजांतील मुले गिटारी घेऊन येऊ लागली तेव्हा त्यांनी ते कामही हात घालून शिकून घेतले. त्यांनी गिटार घेतली; वाजवून पाहिली नाही. प्रथम डोळ्याशी धरून, नेम धरल्यासारखे, दांडीच्या टोकाकडून खाली पाहिले. मग एक तळहाताएवढी पोलादी पट्टी काढली, जिच्या कडा अगदी सरळ घासलेल्या होत्या. ही पट्टी त्यांनी एका वेळी तीन पडद्यांवर टेकविली. तिन्ही पडदे सारख्या उंचीचे असले तर पट्टी निश्चल राहते. मधला उंच असला तर ती तराजूच्या दांडीसारखी डुलते, आणि टकटक असा बारीक आवाज येतो. उस्ताद एकेका जागी पट्टी ठेवीत, कान देत, खडूने खूण करीत पुढे चालले. सातव्या पडद्यापाशी पट्टी डुलली.

‘‘हा बसला नाही, उठलाय,’’ ते म्हणाले, ‘‘पावसाळ्यात लाकूड फुगलं असेल. याला घासायचं नाही, ठोकायचं.’’ आणि खरोखरच हातोडीच्या दोन हलक्या ठोक्यांनी तो पडदा खाचेत परत बसला. नवशिका असता तर त्याने येथेच कानस चालविली असती आणि निरोगी पडदा विनाकारण ठेंगणा करून ठेवला असता.

वाचकांपैकी ज्यांनी गिटार हाती धरलेली नाही त्यांच्यासाठी येथे थोडे थांबले पाहिजे. गिटारीच्या दांडीवर आडव्या धातूच्या तारा रोवलेल्या असतात. त्यांना इंग्रजीत फ्रेट म्हणतात, आपण सतारीवरून पडदे म्हणू. बोटाने तार पडद्यामागे दाबली, की तारेची कंप पावणारी लांबी त्या पडद्यापाशी तुटते आणि स्वर निघतो. हे पडदे बहुधा जर्मन सिल्व्हरचे असतात. आपल्या आज्यांच्या ताटवाट्यांची हीच धातू. नावात चांदी, अंगात तांबे, निकेल आणि जस्त. पडद्याचा छेद घेतला तर तो छत्रीसारखा दिसेल: वर गोल माथा, खाली लाकडातील खाचेत रुतणारा दांडा, आणि त्या दांड्यावर धरून ठेवण्यासाठी बारीक दाते. माथ्याची उंची नवेपणी एक मिलिमीटर किंवा त्याहून किंचित अधिक. या एका मिलिमीटरात वाद्याचे सारे आयुष्य असते. पोलादी तार वर्षानुवर्षे त्याच जागी दाबली जाते, तीही अंगुळभर इकडेतिकडे न होता. धातू झिजते आणि तारेखाली खाच पडते. मग झिजलेल्या पडद्यावर बोट ठेवले, की पुढचा न झिजलेला पडदा त्यापेक्षा उंच ठरतो व थरथरती तार त्याच्यावर आपटते. झणझण ती हीच. म्हणून ज्या घरात झणझण ऐकू येते, दोष पुष्कळदा त्याच्या पुढल्या घरात शोधावयाचा असतो.

पडदे कोठे रोवावेत याचा हिशेबही मनोरंजक आहे. सोळाव्या शतकात इटलीत विन्चेन्झो गॅलिली नावाचे एक संगीतज्ञ होऊन गेले. दुर्बिणीने आकाश पाहणाऱ्या गॅलिलिओचे हे वडील. त्यांनी १५८१ साली प्रसिद्ध केलेल्या ग्रंथात ल्यूट या वाद्यासाठी असा नियम दिला, की तारेच्या लांबीचा अठरावा भाग सोडून पहिला पडदा बांधावा, उरलेल्या लांबीचा पुन्हा अठरावा भाग सोडून दुसरा, आणि असेच पुढे. नियम सोपा व हाताशी धरण्याजोगा. फक्त त्याने बारावा पडदा अगदी मधोमध येत नाही. ६४८ मिलिमीटर लांबीच्या तारेवर तो दोन मिलिमीटरांहून अधिक चुकतो. आज अठराच्या ऐवजी १७.८१७ हा भाजक घेतात व बारावा पडदा बरोबर ३२४ वर पडतो. पण ल्यूटचे पडदे तातीचे असत, दांडीभोवती गुंडाळून गाठ मारलेले. वादकाने कान लावावा आणि सरकवावा. आमच्या सतारीचे पडदेही असेच दोऱ्याने बांधलेले व सरकणारे. राग बदलला, की पडदा हलविता येतो. गिटारीच्या पडद्यांना ही मुभा नाही. एकदा रोवले ते रोवले. सतारीच्या गल्लीत बसून हे पाहताना दोन्ही वाद्यांची प्रकृती किती निराळी, हे चटकन ध्यानात येते: एकात चूक दुरुस्त करण्याची सोय गाठीत ठेवलेली आहे, दुसऱ्यात ती कानशीवाचून होत नाही.

उस्तादांनी आता मापाचे व्हर्निअर काढले. वरच्या घरांतले, मास्तरांनी क्वचितच वापरलेले पडदे एक मिलिमीटर उंच भरले. पहिल्या तीन पडद्यांवर, दुसऱ्या तारेखाली, खाचेच्या तळाशी उरलेली उंची होती अर्ध्या मिलिमीटरास जेमतेम. त्यांनी गिटार उजेडात तिरपी धरून मुलीला दाखविले. धातूत तीन-चार छोट्या चकचकीत घळी दिसत होत्या, दाढेने कुरतडल्यासारख्या.

‘‘बेटा, तुझे वडील सी, जी, डी फार वाजवत होते का?’’

मुलगी म्हणाली, ‘‘देवळातली बहुतेक गाणी त्यांतच आहेत.’’

‘‘दिसतंय.’’

प्रश्न असा होता. पडदे समपातळीत आणणे म्हणजे सर्वांत ठेंगण्याच्या उंचीवर बाकी सर्वांना उतरविणे. या खाचा नाहीशा होईपर्यंत घासावयाचे, तर वीसच्या वीस पडदे अर्ध्या मिलिमीटरावर येणार. इतक्या ठेंगण्या पडद्यावर बोटाचे टोक लाकडालाच टेकते, तार घट्ट धरली जात नाही, आणि पुढे पुन्हा घासण्यास धातू उरत नाही. दुसरा मार्ग म्हणजे सुरुवातीचे तीन पडदे उपटून नवे रोवावेत व मग साऱ्यांना हलकेसे एका पातळीत आणावे. उस्तादांचा कल या दुसऱ्या मार्गाकडे होता. खर्चही काही अवाच्यासवा नव्हता.

मुलगी गप्प बसली. घरून निघताना तिच्या आईने बजावून सांगितले होते, की गिटार दुरुस्त करा, पण तिच्यातले काही बदलू नका. त्या खाचा म्हणजे मास्तरांच्या बोटांचे ठसेच. छायाचित्रात चेहरा दिसतो, येथे हात दिसत होता. दुसरीकडे, येत्या नाताळात मध्यरात्रीच्या मिस्सेला हीच गिटार वाजावयाची होती, आणि तिच्या हाताखाली शिकणारी सहा-सात मुले याच गिटारीवर बोटे वळवीत होती. आम्ही काही बोललो नाही. वडीलधाऱ्याने सल्ला देण्याचे प्रसंग पुष्कळ असतात. हा त्यांपैकी नव्हता.

उस्तादांनी तिला घाई केली नाही. त्यांनी कोपऱ्यातला एक जुना तंबोरा पुढे ओढला. ‘‘हा माझ्या अब्बांनी केलेला,’’ ते म्हणाले, ‘‘याची घोडी बघ.’’ तंबोऱ्याची घोडी म्हणजे तारा जिच्यावरून जातात ती रुंद पट्टी. तिचा माथा सपाट दिसतो, पण सपाट नसतो. त्याला अत्यंत सूक्ष्म उतार दिलेला असतो, इतका की तार थरथरताना त्या उताराला हलकेच चाटून जाते. त्यातून जो गुंजारव उठतो त्यास जवारी म्हणतात. तारेखाली सुताचा बारीकसा धागा सरकवून तो गुंजारव नेमका जागेवर आणतात. गिटारीत जी झणझण रोग मानली जाते, तिचीच नातलग येथे कानशीने मुद्दाम जन्माला घालतात! मात्र तारेच्या घर्षणाने या घोडीवरही खाचा पडतात आणि जवारी उतरते. ती पुन्हा घासून काढावी लागते. ‘‘अब्बांनी काढलेली जवारी मी किती वेळा पुसली असेल,’’ उस्ताद म्हणाले, ‘‘नाही पुसली तर हा भोपळा खुंटीला लटकून राहील. अब्बा रागावले असते, पण तंबोरा मुका ठेवला म्हणून रागावले असते.’’

मुलीने ‘विचार करते’ एवढेच उत्तर दिले. काम दुसऱ्या दिवशी सकाळी हाती घ्यावयाचे ठरले.

संध्याकाळ मोकळी होती, म्हणून आम्ही ख्वाजा शमना मीरासाहेबांच्या दर्ग्याकडे गेलो. मिरजेत संगीताविषयी लिहावयाचे आणि या आवाराचा उल्लेख टाळावयाचा, हे शक्यच नाही. किराणा घराण्याचे अब्दुल करीम खाँ यांनी मिरजेत घर केले; १९३७ साली मद्रासकडील दौऱ्यावर असता त्यांचे निधन झाले आणि त्यांचे दफन येथे, या दर्ग्याच्या आवारात झाले. उरुसात त्यांच्या स्मरणार्थ गवई येथे येऊन गातात. त्याच गावात बाळकृष्णबुवा इचलकरंजीकरांकडे विष्णु दिगंबर पलुसकरांनी तालीम घेतली. आवारात त्या संध्याकाळी गाणे नव्हते. कबुतरे होती, फुलवाले होते, आणि एक बाई लहान मुलाला पाणी पाजीत होती. मुलगी चपला हातात धरून बराच वेळ उभी राहिली. परत येताना ती म्हणाली, ‘‘काका, नवे पडदे घालू या. पण जुने तीन मला परत हवेत.’’

सकाळी उस्तादांनी प्रथम तारा उतरविल्या. डाख देण्याचे विजेचे हत्यार तापवून ते पहिल्या पडद्यावर टेकविले, म्हणजे खाचेतला जुना सरस मऊ पडतो. मग तोंड सपाट घासलेल्या पकडीने पडद्याला एका टोकाकडून दुसऱ्याकडे, कणाकणाने उचलीत नेले. ओढले तर शिसवाचा टवका निघतो. लाकूड शिसवीच होते. आमच्या खानापूरच्या जंगलात वाढणारे शिसव ज्या जातीचे, त्याच जातीच्या लाकडाच्या पाठी व पट्ट्या जगभरातल्या गिटारींना लावतात, हे फार थोड्यांना ठाऊक असते. तिन्ही पडदे निघाले. नवी तार किंचित अधिक वाकवून, आधी दोन्ही टोके व मग मध्य, अशा क्रमाने ठोकून बसविली. पुढे आलेली टोके कापली आणि कडेला तिरकस घासली, म्हणजे तळहाताला बोचत नाहीत.

यानंतरचे काम पाहण्यासारखे होते आणि ऐकण्यासारखेही. दांडीच्या पोटात एक लोखंडी सळई असते; किल्लीने ती फिरविली, की दांडीचा बाक कमीजास्त होतो. तारांचा ताण नसताना उस्तादांनी दांडी अगदी सरळ करून घेतली, कारण वाकड्या पायावर पातळी मोजण्यात अर्थ नाही. पडद्यांमधले लाकूड चिकटपट्टीने झाकले. प्रत्येक पडद्याच्या माथ्यावर काळ्या शाईची रेघ ओढली. मग हातभर लांब, सपाट व जड असा धातूचा दांडा, ज्याच्या तळाला पॉलिशपेपर चिकटविलेला होता, तो पडद्यांवर ठेवून ते तारांच्या दिशेने मागेपुढे नेऊ लागले. दाब असा नव्हताच. दांड्याचे वजन काम करीत होते. आरंभी आवाज तुटक येई, कारण दांडा उंच पडद्यांनाच भेटत होता. नवे तीन पडदे उंच, त्यामुळे त्यांची शाई आधी गेली. हळूहळू आवाज सलग होत गेला. अकराव्या पडद्यावर शाईचा एक ठिपका राहिला होता तो सर्वांत शेवटी पुसला, आणि उस्ताद तत्क्षणी थांबले. ‘‘आता एक हात जास्त मारला तर ती हौस,’’ ते म्हणाले, ‘‘काम नव्हे.’’

सामान्य माणसास वाटेल की पातळी आली, काम झाले. खरे कष्ट येथून पुढे. घासल्याने पडद्यांचे माथे चपटे होतात, आणि चपट्या माथ्यावर तार नेमक्या कोठे तुटते याचा भरवसा राहत नाही. स्वर किंचित चढा-उतरा होतो. म्हणून प्रत्येक माथ्याला पुन्हा गोलाई द्यावी लागते, पण उंची यत्किंचितही कमी न करता. उस्तादांनी पुन्हा शाई लावली. तिकोनी कानशीने, जिच्या धारा लाकूड ओरबडू नये म्हणून घासून बोथट केल्या होत्या, ते एकेका पडद्याच्या दोन्ही अंगांवर काम करू लागले. बरोबर मधोमध केसासारखी काळी रेघ उरेपर्यंत घासावयाचे आणि ती रेघ मात्र पुसू द्यावयाची नाही. एक पडदा, दुसरा, तिसरा. वीस पडद्यांना दोन तासांहून अधिक लागले. या अवधीत गल्लीत दूधवाला आला, कोणाचे तरी भांडण झाले आणि मिटले, एक पुण्याचे गिऱ्हाईक तंबोरा पाहून गेले. उस्तादांनी मान वर केली नाही. मग चारशे, सहाशे, हजार अशा चढत्या नंबरांचे कागद, आणि शेवटी बारीक लोकरी पोलाद. पडदे आरशासारखे दिसू लागले. मुलीने त्यावरून बोट फिरविले आणि चटकन मागे घेतले, जणू ते गरम होते.

तारा नव्या चढविल्या. दुकानदाराने बसविलेली उंच हाडाची पट्टी खाली घासून तारा पूर्वीच्या उंचीवर आणल्या. तारांच्या ताणाने दांडीस किंचितसा बाक येऊ दिला. सातव्या-आठव्या पडद्यापाशी पाव मिलिमीटरएवढी फट, अधिक नाही. तार मधोमध अधिक रुंद झुलते, तिला झुलण्यास जागा हवी. अगदी सरळ दांडी पुष्कळांना आदर्श वाटते, पण तीवर झणझण परत येते. समपातळी ही पडद्यांची. दांडीने थोडे नमलेलेच बरे.

मुलीने गिटार घेतली, स्वर लावले, आणि कोणतेही गीत न वाजविता पहिल्या घरापासून वीसाव्यापर्यंत प्रत्येक तारेवर एकेक स्वर काढीत गेली. उस्ताद डोळे मिटून ऐकत होते. कोठेही माशी नव्हती. मग तिने सी, जी, डी वाजविले. तिच्या चेहऱ्यावर आनंद होता, पण कपाळावर एक आठीही होती.

पैसे देताना उस्तादांनी पथ्य सांगितले. उन्हात उभ्या केलेल्या बंद मोटारीत गिटार ठेवू नये. उन्हाळ्यात लाकूड आक्रसते आणि पडद्यांची टोके कडेने बाहेर डोकावतात, तशी आढळली तर घेऊन यावे, घरी कानस लावू नये. वाजवून झाल्यावर तारा पुसाव्यात. या पडद्यांत अजून एकदा, फार तर दोनदा घासण्याइतकी धातू आहे. त्यानंतर सगळेच बदलावे लागतील. तीन जुने पडदे त्यांनी वर्तमानपत्राच्या तुकड्यात गुंडाळून दिले, आणि पुडीवर पेन्सिलीने एक, दोन, तीन असे अंकही घातले, कोणता कुठला हे विसरू नये म्हणून.

मुलगी म्हणाली, ‘‘आवाज बाबांच्या वेळेपेक्षा जरा तिखट आहे.’’

‘‘तारा नव्या आहेत,’’ उस्ताद म्हणाले, ‘‘आठ दिवस ओरडतील. रोज वाजव, मग गप्प बसतील.’’ आणि त्यांनी पुढच्या गिऱ्हाइकाचा तंबोरा मांडीवर ओढून घेतला.